आधी फुल बाही, मग क्रीम

वाचकांचे प्रश्न, त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी परभणीत ज्युनिअर कॉलेजात शिकवते, वय 36. आम्ही सहा मैत्रिणी डिसेंबरात तारकर्लीला स्कूबा करणार आहोत, जमलं तर फेब्रुवारीत अंदमानलाही जाऊ. माझ्या दोन्ही गालांवर वांग आहे, त्यामुळे सनस्क्रीन सोडायची भीती वाटते. पण भाची म्हणते, सनस्क्रीननं समुद्रातले प्रवाळ मरतात. ‘रीफ सेफ’ म्हणजे प्रवाळाला सुरक्षित, असं लिहिलेली एक ट्यूब बघितली तर किंमत नेहमीच्या चौपट. ती घ्यावी का? आणि खरं सांगू का, सहा बायकांच्या क्रीमनं एवढ्या मोठ्या समुद्राचं काय बिघडणार?

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो मलाही पडला होता.

सहा वर्षांपूर्वी मी मालवणला पहिल्यांदा पाण्यात उतरले. नांदेडहून नेलेली मोठी ट्यूब होडीतच अंगभर चोपडली. होडीत आम्ही आठ जण होतो, सगळ्यांनी तेच केलं. शिडी धरून उतरले आणि मान वळवली, तर शिडीभोवती पाण्यावर तेलकट तवंग पसरलेला, उन्हात त्याला इंद्रधनुष्यासारखे रंग आलेले. मला वाटलं डिझेल सांडलं. आमच्या प्रशिक्षकानं त्यात बोट बुडवलं आणि माझ्या नाकाशी धरलं. वास माझ्याच क्रीमचा होता.

समुद्र मोठा आहे, हे खरंच. पण सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ सीझनमध्ये दिवसभर त्याच त्या जागी होड्या येतात. आपण सगळे उतरतो ते समुद्राच्या अंगणाएवढ्या तुकड्यात. आणि प्रवाळाला तिथून उठून दुसरीकडे जाता येत नाही.

प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. इवल्याशा प्राण्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. पाणी फार तापलं की ही सोबत मोडते, शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. गोल, भरीव जातीचा प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे पायाच्या एका धक्क्यानं मोडलेला हातभर तुकडा भरून यायला पन्नासेक वर्षं लागणार.

आता क्रीमचं. सगळ्यात जास्त बोललं जातं ते सनस्क्रीनमधल्या ऑक्सिबेन्झोन या रसायनाबद्दल. 2022 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रवाळाचा नातेवाईक असलेल्या समुद्रफुल या प्राण्यावर प्रयोग करून, त्यानं प्रवाळाला इजा का होते याचं कारण शोधलं. आपल्या शरीरात ऑक्सिबेन्झोन गेलं की शरीर त्याला पाण्यात विरघळेल असं रूप देतं आणि लघवीवाटे काढून टाकतं. तो प्राणीही त्याला साखरेचा रेणू जोडतो. मात्र जोडून तयार झालेला पदार्थ ऊन लागलं की पेशींना जाळायला लागतो. उन्हापासून वाचवणारी वस्तू त्याच्या अंगात गेल्यावर उन्हाच्याच बाजूची होते! अंगातलं शेवाळ हे विष बरंचसं स्वतःत साठवून घेतं, म्हणून निरोगी प्रवाळ थोडा तग धरतो. उष्णतेनं आधीच पांढरा पडलेला मात्र लवकर मरतो.

प्रयोगशाळेतल्या टाकीत रसायनाचं प्रमाण जास्त असतं, खुल्या समुद्रात कमी. त्यामुळे क्रीमचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत. प्रवाळाचा मोठा वैरी तापणारा समुद्रच. 1998, 2010 आणि 2016 साली आपल्या लक्षद्वीपनं ते भोगलंय. पण घरात माणूस तापानं फणफणलेला असताना आपण चुलीत मिरच्या टाकत नाही. पलाऊ या बेटदेशानं 1 जानेवारी 2020 पासून दहा रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आणली. हवाईत 1 जानेवारी 2021 पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. थायलंडनंही 2021 मध्येच आपल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत अशी क्रीम बंद केली.

आता ट्यूबकडे येण्याआधी एक गोष्ट सांगते, कारण माझं खरं उत्तर तिच्यात आहे. माझ्याकडे कापूस वेचणाऱ्या बाया येतात. साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला दस्ती घट्ट बांधलेली. बाही वर करायला लावली की मनगटावर रेघ ओढल्यासारखी दिसते. रेघेखाली काळवंडलेली, भेगाळलेली चामडी. रेघेच्या वर कोपरापर्यंत मऊ, उजळ, जणू दुसऱ्याच बाईचा हात. यातल्या एकीनंही जन्मात सनस्क्रीन लावलेलं नाही. दिवसभराच्या उन्हात ते काम शर्टानं केलंय.

समुद्रातही तेच करा, ताई. फक्त सुती शर्ट नको. पांढरा सुती टी-शर्ट कोरडा असताना उन्हाला साधारण 7 यूपीएफइतका (कापड ऊन किती अडवतं ते सांगणारा हा आकडा) अडवतो, ओला झाला की 3 च्या आसपास येतो. पोहण्याचा घट्ट, फुलबाह्यांचा, उंच गळ्याचा टॉप मिळतो, त्याला रॅश गार्ड म्हणतात. त्यावर यूपीएफ 50 लिहिलेलं बघून घ्या. म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत येतो, आणि क्रीमसारखा हा टॉप पाण्यात धुऊन जात नाही. खाली घोट्यापर्यंतची लेगिंग. तिथं भाड्यानं मिळणारा रबरी पोशाख बऱ्याचदा अर्ध्या बाह्यांचा आणि गुडघ्यापर्यंतच असतो, तेव्हा हे आतून घालायचं. एकदा घेतलेला टॉप बरीच वर्षं चालतो. चौपट किमतीच्या ट्यूबच्या हिशेबात हेही धरा.

एवढं झाकलं की उघडं काय उरतं? चेहरा, कान, मानेची मागची बाजू, तळहातामागची बाजू आणि पावलं. क्रीम लागणार ते एवढ्यालाच. तिथं मात्र कंजुषी नको. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकी क्रीम लागते. आपल्याकडे बहुतेक जण त्याच्या निम्मीही लावत नाहीत.

‘रीफ सेफ’ या शब्दावर विसंबू नका. त्याला कायद्यानं ठरलेली व्याख्या नाही, ज्याला छापावंसं वाटतं तो छापतो. ट्यूब उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा, चष्मा लागला तरी लावा. ऑक्सिबेन्झोन तिथं ‘बेन्झोफेनोन-3’ म्हणून लपलेलं असतं आणि ऑक्टिनॉक्सेट ‘एथिलहेक्सिल मेथॉक्सिसिनामेट’ या लांबलचक नावानं. ऑक्टोक्रिलीन दिसलं तरी ट्यूब परत ठेवा, पलाऊच्या यादीत तेही आहे. तुम्हाला हवं ते झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड, आणि शक्यतो ‘नॉन-नॅनो’ लिहिलेलं, कारण अतिसूक्ष्म कणांतलं जस्त पाण्यात जास्त उतरतं. जस्तही खूप झालं तर प्रवाळाला सोसत नाही. म्हणूनच आधी बाही म्हणते.

तुमच्या वांगासाठी एक खास गोष्ट. वांग फक्त अतिनील किरणांनी वाढत नाही, डोळ्यांना दिसणारा उजेडही ते गडद करतो. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेली, त्वचेच्या रंगाची झिंक क्रीम घ्या. साध्या झिंकनं आपल्या सावळ्या रंगावर राख फासल्यासारखं दिसतं आणि बायका दुसऱ्या दिवशी ती लावायचंच सोडतात. रंगीत क्रीमनं तो प्रश्नही मिटतो. घरात गुलाबी कॅलामाइन असतं, त्यातही झिंक आहे म्हणून तेच लावू का, असं पुष्कळ जणी विचारतात. नको. ते खाजेसाठी आहे, उन्हासाठी ते तपासलेलं नसतं.

क्रीम खोलीवरच लावा आणि होडीत चढण्याआधी पंधरा-वीस मिनिटं अंगात बसू द्या. कपाळावर, जिथं पाण्याखाली घालायच्या काचेच्या मास्कची कड बसते तिथं, हात आखडता घ्या. तेलकट कातडीवर मास्क नीट चिकटत नाही, पाणी झिरपतं आणि त्याबरोबर क्रीम डोळ्यांत उतरतं. मालवणला माझे डोळे असे चुरचुरले की खाली दहा मिनिटं मी काही धड पाहूच शकले नाही. जाळण्याचं खरं काम पाण्याखालपेक्षा होडीत होतं. वरून ऊन, खालून पाण्याची चमक, आणि आपण आपला नंबर येईपर्यंत तासभर बसलेलो. तेव्हा रुंद काठाची टोपी घाला आणि मोठं उपरणं खांद्यावरून घ्या.

प्रश्न : माझ्या मुलाला (वय 19) मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चालू आहेत. तो मित्रांबरोबर अंदमानला डायव्हिंगला चालला आहे. काही काळजी? – एक वडील, जालना

उत्तर : हो, आणि तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. या गोळीनं कातडी उन्हाला हळवी होते. एरवी नुसतं काळवंडणारं पोर अर्ध्या तासात लालबुंद होतं, कधी फोडही येतात. गोळी मनानं बंद करू नका. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सहलीच्या तारखा सांगा, ते ठरवतील. वरचं फुल बाहीचं त्याला दुप्पट लागू. नाकाचा शेंडा आणि हाताची मागची बाजू विसरू नये. गोळी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यावी आणि घेतल्यावर लगेच आडवं होऊ नये, अन्ननलिकेला जखम होते.

प्रश्न : रसायनं नकोत म्हणून खोबरेल तेल लावून उतरलं तर? – एक वाचक, हिंगोली

उत्तर : नका लावू. उन्हाला त्याचा भरवशाचा आडोसा नाही. ते पाण्यावर तरंगतं, आणि शिडीभोवती तोच तवंग येतो. खोबरेल रात्री लावा, आंघोळीनंतर. खाऱ्या पाण्यानं ओढलेल्या कातडीला तेव्हा ते छान.