वाळवंटात कसला आलाय पाऊस?

प्रश्न: आम्ही दोघं साठीला टेकलोय, पण रोज चालायची सवय आहे. जुलैअखेर मुलीकडे अमेरिकेत जातोय. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी एका दिवसात उतरून वर येता येईल का? अँटिलोप कॅन्यनच्या बाबतीत सगळे पुराची भीती घालतात. वाळवंटात कसला आलाय पाऊस?

उत्तर: तळाचा नाद सोडा. गड चढताना दमलं तर अर्ध्यातून फिरावं, पुढे उतारच असतो. इथे सगळं उलटं. पाय ताजे असतात तेव्हा उतार, आणि गुडघे बोलायला लागले की सुमारे 1400 मीटरची चढण. त्यात जितकं खाली जाल तितकं तापतं. जुलैत तळाशी पारा सहज 40 अंशांपलीकडे जातो. उतरायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरतात.

त्यापेक्षा उजाडता उजाडता साउथ कायबाब वाटेने ऊ-आ पॉइंटपर्यंत जा. एका बाजूने जेमतेम दीड किलोमीटर. वाटेत पाणी मिळत नाही, बाटल्या वरूनच भरून न्या. नाव पोरकट आहे खरं, पण शेवटच्या वळणावर समोरचे कडे तांबूस उजळले तेव्हा माझ्या तोंडून तेच निघालं.

आता पाऊस. अँटिलोप म्हणजे ॲरिझोना राज्यातली खडकातली अरुंद घळ, तिचे अप्पर आणि लोअर असे दोन भाग. जुलै ते सप्टेंबर तिथला पावसाळाच, दुपारी गडगडाटी सरी येतात. उघड्या खडकात पाणी मुरत नाही, सगळं घळीत धावतं. 12 ऑगस्ट 1997 रोजी लोअर अँटिलोपमध्ये 11 पर्यटक वाहून गेले. मुसळधार पाऊस पडला होता तो काही मैल दूर, वरच्या अंगाला. म्हणून डोक्यावरचं निळं आकाश पाहून हट्ट धरू नका. ही जमीन नावाहो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची, वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. तो ‘आज नाही’ म्हणाला तर मुकाट्याने परतायचं.

तुम्ही अप्पर घ्या, तिथे सपाट वाळूतून चालायचंय. लोअरला शिड्या आहेत. ऐन दुपारच्या सुमारास उन्हाचे झोत आत उतरतात, आणि गर्दीही तेव्हाच.

एक गंमत: उन्हाळ्यात नावाहो भागाचं घड्याळ उरलेल्या ॲरिझोनाच्या तासभर पुढे असतं, पण या सहलींची वेळ ॲरिझोनाची. मोबाइलवर विसंबून मी तासभर आधी पोचले आणि रणरणत्या उन्हात बसून राहिले. तिकीट काढतानाच कुठली वेळ ते विचारा.