नॅरोबँडची सुरुवात रोझेटपासून कर

शहरातल्या गच्चीवरून नॅरोबँडची, म्हणजे ठरावीक रंगाचाच प्रकाश सोडणारे फिल्टर लावून आकाशाचे फोटो काढायची, सुरुवात करणार असशील तर या हिवाळ्यात रोझेट तेजोमेघच धर. मृगाच्या पूर्वेला, शृंगाश्व तारकासमूहात. जानेवारीत मध्यरात्रीच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावर येतो.

एच-अल्फाचा, म्हणजे हायड्रोजनच्या लाल प्रकाशाचा फिल्टर 656.3 नॅनोमीटरच्या आसपासचाच प्रकाश आत सोडतो, त्यामुळे दिव्यांचा उजेड बराचसा बाहेरच अडतो. चांदण्या रात्री एच-अल्फालाच दे. ओ-थ्री, म्हणजे ऑक्सिजनचा निळसर-हिरवा प्रकाश, मात्र 500.7 नॅनोमीटरला असतो, त्याला चांदणं फार नडतं. त्यासाठी अमावास्येच्या आसपासच्या रात्री राखून ठेव.

ओ-थ्रीची पाच मिनिटांची पहिली फ्रेम बघून खचू नकोस. माझ्या स्क्रीनवर नुसता काळोख आणि चार तारे होते. चाळीस फ्रेम्स स्टॅक केल्या, म्हणजे एकावर एक रचून एकत्र केल्या, तेव्हा मधल्या तारकागुच्छाभोवती पाकळ्यांची आतली कड हळूच उमटली. तो क्षण मी विसरलेलो नाही.

फिल्टर बदलला की फोकस पुन्हा तपास. फ्लॅट्स, म्हणजे धुळीचे डाग काढायला एकसारख्या उजेडात घेतलेले फोटो, प्रत्येक फिल्टरचे वेगळे घे. एकदा मी एच-अल्फाचेच फ्लॅट्स ओ-थ्रीला लावले आणि धुळीची गोल वर्तुळं शेवटपर्यंत गेली नाहीत.

प्रोसेसिंगमध्ये घाई सगळ्यात जास्त नडते. तिन्ही फिल्टरचे चॅनेल आधी वेगवेगळे स्ट्रेच करून, म्हणजे त्यातला अंधूक भाग उजळून, एकमेकांच्या पातळीला आण, मग एस-टू (गंधकाचा प्रकाश) लाल, एच-अल्फा हिरवा, ओ-थ्री निळा असे जोड. नाहीतर एच-अल्फा सगळं गिळतो आणि चित्र हिरवंगार होतं. तारे जांभळट झाले तर साध्या आरजीबीत, म्हणजे नेहमीच्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरांत, थोड्या फ्रेम्स घेऊन त्यातले तारे बसव. आणि नॉइज काढताना हात आखडता ठेव. धुळीचे बारीक काळे धागे त्यातच पुसले जातात.