घरच्या घरी टिश्यू कल्चर करून औषधी आणि शोभेची रोपं विकता येतील का?

येतील. टिश्यू कल्चर म्हणजे झाडाचा छोटा तुकडा बाटलीत निर्जंतुक खाद्यावर वाढवून त्याची रोपं करणं. पण औषधी झाडांतली सहज लागणारी नावं आधी खोडा. गुळवेल, अडुळसा, ब्राह्मी, कोरफड यांना लॅब कशाला? गुळवेल तोडून झाडावरच लटकत ठेवली तरी हवेत मुळं सोडते. उलट सर्पगंधेचं बी उगवायला भलतं नाठाळ, तिथे बाटलीचा उपयोग आहे. शोभेच्या झाडांत जर्बेरा, अँथुरियम, सिंगोनियम, ऑर्किड यांचा खर्च निघतो.

मी सहा वर्षं जर्बेराच्या लॅबमध्ये होतो. मीडिया, म्हणजे बाटलीतलं खाद्य, बनवणं हे त्यातलं सोपं काम. मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांचं १९६२चं मिश्रण आजही चालतं. लिटरला ३० ग्रॅम साखर, ते घट्ट व्हायला साधारण ८ ग्रॅम अगार, सामू ५.८, मग जंतू मारायला दाबाच्या वाफेत १२१ अंशांवर १५-२० मिनिटं. सुरुवातीला घरचा प्रेशर कुकरही चालतो.

बाटली बिघडली की ती कुठे बिघडली ते बघायला शिका. तुकड्याच्या बुडाशी दुधाळ वलय दिसलं तर जंतू बहुधा झाडाबरोबरच आलेत, धुणं कमी पडलंय. बुरशीचे ठिपके तुकड्यापासून लांब, कुठेही उगवले असतील तर हात, चिमटा किंवा हवा. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पण धंदा बुडतो तो हार्डनिंगला, म्हणजे बाटलीतलं रोप बाहेरच्या हवेला सरावताना. बाटलीत दमट हवेत वाढलेल्या पानावर मेणाचा थर जेमतेम असतो आणि पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. बाहेर काढलं की अर्ध्या तासात पान मान टाकतं. माझ्या पहिल्या खेपेत मुळांना अगार तसाच राहिला. त्यातल्या साखरेवर बुरशी आली आणि आठवड्याभरात ट्रेच्या ट्रेमधली रोपं बुडाशी सडली. तेव्हापासून कोमट पाण्यात एकेक मूळ बोटांनी चोळून धुतो, मगच कोकोपीट. वर प्लास्टिकचा बोगदा, आणि तो तीन-चार आठवड्यांत हळूहळू उघडायचा, तोही संध्याकाळी.

म्हणून लॅमिनार, म्हणजे गाळलेल्या हवेत तुकडे लावायचं कपाट, आत्ताच घेऊ नका. बऱ्याच लॅब मुळं फुटलेली रोपं बाटलीतच विकतात. त्यातली दोनशे आणा, शेडनेटखाली जगवून बघा. दीडशेच्या वर जगली तर लॅमिनारचे भाव विचारा.