खाली दिवा पेटलेला असूनही वितळत्या बर्फाचं तापमान का वाढत नाही?

तुमचे प्रश्न खरं तर दोन आहेत. उष्णता देत असूनही बर्फ संपेपर्यंत तापमान 0 अंश सेल्सिअसवरच का थांबतं, आणि बर्फ वितळवण्याच्या तुमच्या मुलीच्या प्रयोगात, बर्फ शिल्लक असतानाच, तापमापीवर मग 4 अंश का आले?

तापमापीला आत किती उष्णता गेली ते कळत नाही, रेणूंची हालचाल किती जोरात चाललीय तेवढंच कळतं. बर्फातले रेणू आपापल्या जागी जखडलेले असतात, तिथल्या तिथे थरथरतात. 0 अंशांपर्यंत दिलेली उष्णता ही थरथर वाढवते. त्यानंतरची सगळी त्यांची एकमेकांवरची पकड सैल करण्यात खर्ची पडते, म्हणून पारा हलत नाही. हाच अप्रकट उष्मा. 1 ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी लागतात. तेवढ्यात 1 ग्रॅम पाणी 0 पासून 80 अंशांपर्यंत तापलं असतं!

वाफ होताना तर पकड पुरती तोडावी लागते: ग्रॅमला 540 कॅलरी. गार पाणी उकळायला पाच मिनिटं लागली, तर त्याच आचेवर ते पूर्ण आटायला पंचवीसेक मिनिटं सहज जातात.

स्थायू, द्रव आणि वायूतल्या कणांची (इथे रेणूंची) चित्रं काढताना एक चूक हमखास होते. द्रवातले कण स्थायू आणि वायूच्या बरोबर मधल्या अंतरावर काढले जातात. द्रवातही कण जवळजवळ चिकटूनच असतात, फक्त जागा बदलू शकतात. 1 ग्रॅम पाणी 1 मिलिलिटर जागा घेतं, त्याची 100 अंशांची वाफ सुमारे 1.7 लिटर. पाणी तर आणखी उफराटं: बर्फातच रेणूंमध्ये जास्त मोकळी जागा असते, म्हणून तो तरंगतो.

आता ते 4 अंश. बहुतेक वेळा बर्फाचे मोठे खडे असतात, आच मोठी असते आणि कोणी ढवळत नाही. तळाचं पाणी तापतं, वर बर्फ तसाच, आणि तापमापीचा फुगा नेमका तळाला टेकलेला. 250 मिलिलिटरच्या चंचुपात्रात 100 ग्रॅम बर्फाचा चुरा घ्या, तो बुडेल न बुडेल इतकं थंड पाणी घाला. फुगा चुऱ्याच्या मधोमध ठेवा. तारेच्या जाळीखाली आच मंद ठेवा आणि काचेच्या कांडीने सतत ढवळा (तापमापीने नाही, फुगा फुटतो). दर अर्ध्या मिनिटाला नोंद करा. दिवा लावण्याआधीच ढवळलेल्या चुऱ्यात 1 अंश दिसला, तर तापमापीच तेवढी चुकतेय. 0 च्या आसपासच्या नोंदींतून 1 वजा करा.

पुढे पाणी उकळलंत आणि पुण्यात असाल, तर पारा साधारण 98 वर थांबेल. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे 560 मीटर, हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी लवकर उकळतं. वहीत 98 च लिहू द्या.