संगणकाच्या कुरबुरी : काय चालवून घ्यावे, काय घेऊ नये

प्रश्न : माझा डेस्कटॉप संगणक बराच जुना आहे. अलीकडे सकाळी तो सुरू केला, की त्यातील घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असते. तशा अवस्थेत बँकेचे किंवा ईमेलचे पान उघडू गेल्यास संकेतस्थळ सुरक्षित नसल्याची सूचना येते. तारीख-वेळ हाताने बरोबर केली, की सारे सुरळीत चालते. हा उपद्व्याप आता अंगवळणी पडला आहे, परंतु घरातील मंडळी नवा संगणक घेण्याचा आग्रह धरीत आहेत. तशी वेळ खरोखरच आली आहे का?

उत्तर : मुळीच नाही. आपण सांगता ती लक्षणे संगणकातील एका लहानशा सेलकडे बोट दाखवतात. संगणक बंद असतानाही त्याचे घड्याळ चालू राहावे, यासाठी मदरबोर्डवर, म्हणजे संगणकातील सारे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवर, नाण्यासारखा चपटा सेल बसवलेला असतो. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो 'सीआर २०३२' या प्रकारचा, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा आणि ३ व्होल्टचा असतो. तो काही वर्षे सहज टिकतो. मात्र ज्या घरात रोज भिंतीवरचे बटणही बंद केले जाते, तिथे तो तुलनेने लवकर उतरतो, कारण एरवी घड्याळाला लागणारी किंचितशी वीज पॉवर सप्लायकडून मिळत राहते आणि सेलवर भार पडत नाही. म्हणून बटण चालूच ठेवा असे मी सुचवणार नाही. सेल बदलणे त्याहून सोपे आहे.

संकेतस्थळांच्या तक्रारीचे मूळही इथेच आहे. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर ते कधीपासून कधीपर्यंत ग्राह्य आहे, याच्या तारखा असतात आणि ब्राउझर त्या तारखा संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ काही वर्षे मागे असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून लागूच झालेले नसते. रोज वेळ लावण्यात केवळ दोन मिनिटे जात असती, तर हा प्रकार खुशाल चालवून घ्या असे मी म्हटले असते. पण घाईच्या दिवशी ती सूचना डावलून पुढे जाण्याची सवय एकदा लागली, की खरोखरच्या बनावट संकेतस्थळासमोरही बोट त्याच बटणावर जाते. माझा आक्षेप त्या सवयीला आहे.

सेल बदलताना वायर प्लगमधून पूर्णपणे काढावी, संगणकाचे बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी आणि पेटीच्या धातूच्या भागाला हात लावून मगच आत हात घालावा. सेलच्या कडेला एक बारीक पट्टी असते. ती बाजूला ढकलली, की सेल अलगद वर येतो. नवा सेल अधिकचे चिन्ह वर ठेवून बसवावा. सेल काढल्यावर बायोसमधील, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्राममधील, मांडणी मूळ स्थितीला जाऊ शकते, तेव्हा आधी त्या पडद्यांची छायाचित्रे काढून ठेवणे शहाणपणाचे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे तिच्यावरील माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद केलेली असल्यास ते कुलूप उघडणारा लांबलचक संकेत, अर्थात रिकव्हरी की, हाताशी असल्याखेरीज या कामाला हात घालू नये. आपल्याकडे लॅपटॉप असता, तर हे काम मी जाणकारावरच सोपवायला सांगितले असते.

इतर वाचकांसाठी एक पुस्ती जोडतो. घड्याळ दर वेळी नेमक्या तेवढ्याच तासांनी चुकत असेल, तर सेलला दोष देऊ नये. तिथे टाइम झोन चुकीचा निवडलेला असतो, किंवा एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन कार्यप्रणाली नांदत असून एक जण स्थानिक वेळ आणि दुसरा जागतिक वेळ धरून चालत असतो.

प्रश्न : माझा विंडोजचा संगणक मी दररोज रात्री बंद करते, तरीही चार-पाच दिवसांनी तो रेंगाळू लागतो आणि प्रिंटर सापडेनासा होतो. 'रिस्टार्ट' केल्यावर मात्र तो ताळ्यावर येतो. रोज बंद करूनही असे का व्हावे?

उत्तर : कारण आपला संगणक बहुधा पुरता बंद होतच नाही. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असताना 'शट डाउन' केल्यास आपले प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्राम) ज्या स्थितीत असतील त्याच स्थितीत डिस्कवर उतरवून ठेवले जातात आणि सकाळी तेच पुन्हा उचलले जातात. साहजिकच ड्रायव्हरमधील गुंताही त्यांच्यासोबत परत येतो. 'रिस्टार्ट' करताना सर्व काही नव्याने सुरू होते. शिफ्टची कळ दाबून ठेवून 'शट डाउन' निवडले, तरी संगणक पूर्ण बंद होतो. आठवड्यातून एकदा तसे करावे. एवढ्याने भागत असेल, तर ही कुरबुर निर्धास्तपणे चालवून घ्यावी.

प्रश्न : माझ्या संगणकाच्या हार्ड डिस्कमधून अधूनमधून टक-टक असा आवाज येतो. काम मात्र नीट चालते. दुर्लक्ष केले तर चालेल का?

उत्तर : नाही. धूळ बसलेल्या पंख्याची घरघर सवडीने पाहता येते, परंतु पूर्वी नसलेली टक-टक डिस्कमधूनच येत असेल, तर तिचे यांत्रिक भाग निकामी होऊ लागल्याची ती खूण असू शकते आणि काम नीट चालते हा दिलासा फसवा ठरू शकतो. डिस्क तपासणारे किंवा दुरुस्त करणारे प्रोग्राम आधी चालवू नयेत; त्यांचा ताण याच डिस्कवर पडतो. ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही, ती छायाचित्रे आणि कागदपत्रे आजच बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीत, मग बाकीचे. चित्रपट आणि प्रोग्राम पुन्हा मिळतात, त्यांना रांगेत शेवटी ठेवावे. नक्कल चालू असताना डिस्क मध्येच दिसेनाशी झाली, तर संगणक पुनःपुन्हा सुरू करून पाहू नये. तो बंद करून डिस्क माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावी.