साडेचार लाखांचं कर्ज आणि पगार ३८ हजार, आधी काय फेडू?

तुम्ही लिहिलंय की हातात ३८,००० येतात, दोन क्रेडिट कार्डं, एक पर्सनल लोन आणि तीन अ‍ॅपवरची छोटी लोन मिळून साडेचार लाख देणं आहे, त्यातले २४,००० हप्त्यातच जातात, घरी कुणाला माहीत नाहीये, आणि एक मोठं लोन काढून सगळं एकदम मिटवू का. मी २०२१ ला जवळपास इथेच उभा होतो, भोसरीत कंपनीत नोकरी, भाड्याची खोली, मुलगी पहिलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोठं लोन आत्ता लगेच नको. मी २०१९ मध्ये नेमकं तेच केलं होतं, दोन लाख काढले, कार्डं झिरो केली, आणि दीड वर्षात कार्डं परत भरली, म्हणजे लोनचा हप्ता पण चालू आणि कार्डांचं देणं पण. पैसे नक्की कुठे जातात हेच मला कळलेलं नव्हतं तर दुसरं काय होणार.

आधी घरी सांगा. हे सगळ्यात अवघड आहे मला माहितीये. मी रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बायकोला सांगितलं, ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी रात्री मुलीची अर्धी वापरलेली वही घेऊन समोर बसली आणि म्हणाली, सांगा एकेक, मी लिहिते. कुणाचं, किती बाकी, व्याज किती, हप्ता किती, तारीख कोणती. एवढे पाच रकाने. दोन वर्षं मी हे सगळं डोक्यात घेऊन फिरत होतो आणि ते वहीच्या एका पानात मावलं, त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

त्या पानावर एक गोष्ट लगेच दिसली. एका कार्डावर ८४,००० बाकी होते आणि मी दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर छापलेली कमीत कमी भरायची रक्कम, ४,२०० भरत होतो, मला वाटायचं फेडतोय. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे २,९४०, त्यावर १८ टक्के जीएसटी ५२९, झाले ३,४६९. म्हणजे मुद्दलातून गेले जेमतेम ७३१ रुपये. आणि बाकी पूर्ण भरली नाही की नवीन खरेदीवर पण पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, तो ४५-५० दिवसांचा बिनव्याजी काळ मिळतच नाही, हे तर मला माहीतच नव्हतं. तुमचं स्टेटमेंट काढा आणि हा हिशोब स्वतः पेनाने करा, नुसतं वाचून तेवढं लागत नाही मनाला.

दोन्ही कार्डांचे मिळून १,२५,००० होते. बायकोनेच तिच्या पाटल्या काढून दिल्या, चार तोळ्यांच्या, मी नको म्हणत होतो. सरकारी बँकेत साधारण ९ टक्क्यांनी गोल्ड लोन मिळालं, कार्डांचं व्याज जीएसटी धरून महिन्याला पाच हजारांच्या वर होतं ते हजारावर आलं. वाचलेले चार हजार दुसरीकडे न वळवता त्याच लोनमध्ये भरत गेलो. कार्डं त्याच आठवड्यात बंद केली, ही अट तिची होती आणि तीच खरी कामाची ठरली. सोनं नसेल तर एलआयसीच्या जुन्या पॉलिसीवर लोन मिळतं का बघा, कंपनीत पगारदारांची पतसंस्था असेल तर तिथे विचारा. खाजगी सावकाराकडे मात्र जाऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी.

तुमची तीन अ‍ॅपची लोन छोटी आहेत ना, ती सगळ्यात आधी संपवा, त्यांचे हप्ते सुटले की हाताला पैसे लागतील. वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, फोनमधल्या कॉन्टॅक्टना हात लावायची पण त्यांना परवानगी नाही, हे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. नातेवाईकांना फोन जायला लागले तर स्क्रीनशॉट ठेवा आणि तक्रार करा, घाबरून दुसऱ्या अ‍ॅपवरून घेऊन पहिल्याचं भरू नका. आणि कुणी अर्ध्यात सेटल करून देतो म्हणालं तर लक्षात ठेवा, सिबिलमध्ये, म्हणजे बँका बघतात त्या आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, ‘सेटल्ड’ असं लागतं आणि पुढे घराचं लोन अडतं.

आता घरखर्चाचं. सगळे सांगतात बाहेरचा चहा बंद करा, वडापाव बंद करा. आम्ही वहीत तीन महिने पाच-दहा रुपये पण लिहिले आणि गळती तिथे नव्हतीच. कार्ड घासलं जायचं जूनमध्ये, गणपतीत, दिवाळीत. शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं २२,०००, गणपतीला गावी जाणं ८,०००, दिवाळी १५,०००, एलआयसी १२,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ५,०००, लग्नांचे आहेर आणि जाण्यायेण्याचं भाडं १०,०००. झाले ७२,०००. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येणारे खर्च आणि दरवर्षी आम्ही म्हणायचो अचानक आलं. मग महिन्याला ६,००० वेगळ्या खात्यात टाकायचं ठरवलं, त्या खात्याला युपीआय जोडलेलं नाही आणि एटीएम कार्ड बायकोकडे. सुरुवातीला ६,००० जमायचे नाहीत, पहिले पाच महिने १,५००च टाकले, त्या वर्षी दिवाळीला नवे कपडे फक्त मुलीला घेतले आणि गावी निम्मे दिवस राहिलो. पण पुढच्या जूनची फी पहिल्यांदा रोख भरली. तुम्हाला हप्ते जाऊन १४,००० उरतात, त्यातून ५०० पासून करा, पण खातं याच महिन्यात उघडा.

पाटल्या २०२३ च्या दिवाळीच्या आधी सोडवून आणल्या.

एक राहिलं, पगार कधी होतो ते लिहिलं नाहीये तुम्ही. माझा ७ तारखेला व्हायचा आणि कार्डाची ड्यू डेट ३, त्यामुळे दर महिन्याला लेट फी बसायची. कस्टमर केअरला फोन करून बिलाची तारीख बदलून मागा, देतात.