लाइव्हजर्नलवर नावाआधी स्वतःचं चिन्ह कसं लावायचं?

लाइव्हजर्नल या ब्लॉग साइटवर सदस्याच्या नावाआधी माणसाच्या आकृतीचं ठरलेलं छोटं चित्र येतं. त्याऐवजी आपलं चिन्ह हवं असेल, तर एलजे-यूजर टॅगचा (सदस्याच्या नावाची लिंक आपोआप बनवणाऱ्या साइटच्या कोडचा) उपयोग नाही; तो साइटचंच चित्र दाखवतो. एचटीएमएलमध्ये हाताने दोन लिंक लिहा. पहिलीत इमेज टॅग आणि पत्ता प्रोफाइलचा, म्हणजे जर्नलच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि 'प्रोफाइल' हा इंग्रजी शब्द. दुसरीत नाव ठळक, पत्ता जर्नलचा.

चित्र १७ बाय १७ पिक्सेल, पारदर्शक पीएनजी. बॉर्डर शून्य, व्हर्टिकल-अलाइन मिडल. नाहीतर चिन्ह ओळीच्या वर तरंगतं. दोन्ही लिंक एका स्पॅन टॅगमध्ये घालून व्हाइट-स्पेस नो-रॅप द्या, म्हणजे चिन्ह एका ओळीत आणि नाव दुसरीत असं होणार नाही. ऑल्ट मजकूर, म्हणजे चित्राऐवजी वाचला जाणारा मजकूर, विसरू नका; स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना तोच ऐकू येतो.

बहुतेकांचं चुकतं ते नावातल्या अंडरस्कोरपाशी (_). सबडोमेनमध्ये, म्हणजे पत्त्यात साइटच्या नावाआधी येणाऱ्या सदस्याच्या नावात, अंडरस्कोरच्या जागी हायफन (-) येतो. नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटीच अंडरस्कोर असेल, तर पत्ता 'यूजर्स' सबडोमेनखाली जातो.

चित्र दुसऱ्याच्या सर्व्हरवरून ओढू नका. तिथून काढलं की तुमच्याकडे तुटकी चौकट उरते. आणि खातं बंद झालं तर मूळ टॅग नावावर काट मारतो, हाताने लिहिलेली लिंक मारत नाही. ती अधूनमधून तपासावीच लागते.